प्रोटोटाइप ट्रेडिंग कार्ड: नवे-जुने संग्राहक वारंवार विचारतात ते प्रश्न

प्रोटोटाइप कार्ड म्हणजे नेमकं काय?

लेखकाचा कच्चा खर्डा असतो ना, तेच. दुकानात पाकिटातून मिळतं ते जमवायचं कार्ड, खेळाडूचं असो वा पत्त्यांच्या खेळातलं, म्हणजे स्वच्छ प्रत. त्याआधी कात्री, गोंद, झेरॉक्स, पेन्सिलीच्या खुणा आणि चार जणांची मतं यांतून जे जे कागदावर उतरलं, ते सगळं प्रोटोटाइपच्या कुळातलं.

हे कुळ मोठं आहे. अगदी सुरुवातीला हातानं चिकटवून केलेले नमुने. पत्त्यांचा खेळ असेल तर मग प्लेटेस्ट कार्डं: नियम चालतात की कोसळतात हे बघायला साध्या जाड कागदावर काढलेल्या प्रती, चित्र असलं तर कुठून तरी उचललेलं. पुढे परवाना देणाऱ्या कंपनीला किंवा वरच्या साहेबांना दाखवायला केलेली मोजकी सादरीकरणाची कार्डं. आणि शेवटी छापखान्यातली प्रूफं, म्हणजे खऱ्या छपाईआधी तपासायला काढलेले छाप. त्यांत कोऱ्या पाठीची कार्डं आली, न कापलेल्या शीट आल्या आणि एकेका रंगाचा वेगळा छाप घेतलेली प्रूफंही आली. सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा असे चार छाप एकत्र बघितले की चेहरा टप्प्याटप्प्यानं कसा उभा राहतो ते दिसतं. मला स्वतःला या शेवटच्या प्रकाराचं वेड आहे, त्यामुळे पुढे कुठे पक्षपात दिसला तर समजून घ्या.

एरर कार्ड, प्रोमो कार्ड आणि प्रोटोटाइप, सगळं एकच ना?

नाही, आणि विकणारे ही गल्लत मुद्दाम करतात. एरर कार्ड हे तयार उत्पादन असतं, फक्त चुकलेलं. प्रोमो कार्ड जाहिरातीसाठी वाटलेलं असतं. प्रोटोटाइप बाहेर पडावं अशी कुणाची इच्छाच नसते.

मधल्या सीमेवरची उदाहरणं मात्र मजेशीर आहेत. मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाची १९९४ मधली ‘समर मॅजिक’ म्हणून ओळखली जाणारी छपाई घ्या. आधीच्या रिव्हाइज्ड संचातले रंग फिके आले होते, काही चुका राहिल्या होत्या, म्हणून नव्यानं छापायला घेतलं. त्यातही गडबड झाली. हरिकेन हे हिरव्या गटातलं कार्ड निळ्या चौकटीत छापलं गेलं. बहुतेक साठा नष्ट करण्यात आला, तरी काही पाकिटं निसटलीच. हे प्रोटोटाइप नव्हे, कारण ते विकण्यासाठीच छापलं होतं. पण संग्राहकांच्या मनात त्याची जागा प्रोटोटाइपशेजारीच आहे: छापून रद्द केलेलं, तरीही वाचलेलं.

माझ्या कार्डावर चक्क ‘प्रोटोटाइप’ असं छापलंय. म्हणजे घबाड लागलं का?

बहुधा नाही. १९९० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात अमेरिकेतल्या कित्येक कंपन्या नव्या मालिकेच्या जाहिरातीची कार्डं ‘प्रोटोटाइप’ असा शिक्का छापून काढत आणि विक्रेत्यांना, मासिकांच्या वाचकांना, प्रदर्शनांत सढळ हातानं वाटत. ती आजही किरकोळ किमतीत मिळतात. खऱ्या प्रोटोटाइपवर तसं लिहिलेलं असण्याची गरजच नसते. ज्याच्या हातात ते होतं त्याला ते ठाऊकच होतं.

आणखी एक फसगत. २०१९ च्या ‘मिस्ट्री बूस्टर’ या संचात मॅजिकच्या निर्मात्यांनी प्लेटेस्ट कार्डांसारखी दिसणारी १२१ विनोदी कार्डं काढली. जुन्या कार्डावर स्टिकर चिकटवलाय आणि त्यावर घाईघाईत काहीतरी लिहिलंय, असा त्यांचा वेष. ती अधिकृत आहेत, मजेदार आहेत, पण कारखान्यात छापलेली आहेत.

इतक्या ओबडधोबड कागदावर लोक जीव का टाकतात?

दुर्मीळ आहे म्हणून, हे उत्तर अर्धवट आहे. माझ्या टेबलावरचा हा चुरगळलेला कागदही जगात एकच आहे. तो कुणी विकत घेणार नाही.

खरं कारण असं की प्रोटोटाइपमध्ये निर्णय अजून झालेला नसतो. तयार कार्ड बघताना ते असंच असणार होतं असं वाटतं. कच्चं कार्ड बघताना कळतं की ते दहा प्रकारांनी वेगळं होऊ शकलं असतं.

मॅजिकचे जनक रिचर्ड गारफील्ड यांनी सांगितलेला एक प्रसंग यासाठी फार बोलका आहे. त्यांच्या सुरुवातीच्या चाचणीत १२० पत्त्यांचा एकच गठ्ठा दोन खेळाडूंत वाटला जाई. पुढे चाचण्या वाढल्या, तेव्हा एकजण येऊन म्हणाला, माझ्याकडे असा पत्ता आहे की तो टाकला की पुढच्या खेपेला मी जिंकतोच. गारफील्ड बुचकळ्यात पडले, कारण असा पत्ता त्यांनी केलाच नव्हता. पत्ता होता टाइम वॉक. त्यावरच्या इंग्रजी वाक्याचा अभिप्रेत अर्थ ‘प्रतिस्पर्ध्याची पुढची खेळी हुकते’ असा होता. खेळाडूनं वाचला ‘प्रतिस्पर्धी पुढच्या खेळीत हरतो’. १९९३ च्या ऑगस्टमध्ये खेळ बाजारात आला तेव्हा वाक्य बदललेलं होतं. आता ते जुनं वाक्य असलेला कागद हातात धरल्याची कल्पना करा. त्या गोंधळाचा तो एकमेव साक्षीदार.

क्रीडा कार्डांत ही ओढ जरा वेगळ्या वाटेनं येते. बेसबॉलपटू रेगी जॅक्सन १९७६ चा हंगाम बाल्टिमोर ओरिओल्सकडून खेळला आणि हंगाम संपल्यावर न्यूयॉर्क यँकीजकडे गेला. टॉप्स कंपनीचं १९७७ चं कार्ड ओरिओल्सच्या गणवेशात तयार होत होतं. बदली झाली, मग ब्रशनं रंग चढवून त्याला यँकीजचा पोशाख घातला गेला आणि तेच कार्ड दुकानात आलं. ओरिओल्सच्या वेषातलं प्रूफ मात्र राहिलं. टॉप्सच्या नेहमीच्या मालिकेत त्याला ओरिओल म्हणून जागा मिळायला हवी होती, ती फक्त या प्रूफावर आहे. सांख्यिकीत एक ओळ असलेलं वर्ष त्या तुकड्यावर चेहरा होऊन बसलंय.

आणि हो, थोडा भाबडा भागही आहे. टॉप्सचे साय बर्गर यांनी वूडी गेलमन यांच्या साथीनं १९५२ च्या बेसबॉल मालिकेची मांडणी ब्रुकलिनमधल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुठ्ठा आणि कात्री घेऊन केली. आजच्या कार्डाची सगळी ओळख, म्हणजे खेळाडूचं चित्र, सही, संघाचं चिन्ह, पाठीवर आकडेवारी, त्या टेबलावर एकत्र आली. एवढा मोठा धंदा असा घरगुती रीतीनं उभा राहतो हे बघायला कुणाला आवडणार नाही?

सगळ्यात गाजलेलं उदाहरण कोणतं?

पोकेमॉनमधल्या ब्लास्टॉइज या पात्राचं कार्ड. जपानमध्ये पोकेमॉनची पत्त्यांची पहिली मालिका ऑक्टोबर १९९६ मध्ये आली होती. इंग्रजी आवृत्तीसाठी विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनं १९९८ मध्ये, इंग्रजीत कार्डं कशी दिसतील हे निन्टेंडोच्या अधिकाऱ्यांना दाखवायला होलोग्रामची चमक असलेली दोन कार्डं करून घेतली. त्यातलं कोऱ्या पाठीचं एक जानेवारी २०२१ मध्ये हेरिटेज या लिलाव कंपनीत ३ लाख ६० हजार डॉलरना गेलं. म्हणजे एका बैठकीत दाखवायला केलेली वस्तू. बैठक यशस्वी झाली हे आपल्याला माहीत आहे, त्या दोन कार्डांना माहीत नव्हतं.

जुन्या जमान्यातलं विचाराल तर १९०९ ते १९११ दरम्यान सिगारेटच्या पाकिटांतून आलेली टी-२०६ ही बेसबॉल कार्डांची मालिका. बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं कार्ड हे तिचं रत्न. त्याच्यासह पाच खेळाडू एकाच ओळीत असलेली, न कापलेली, घड्या पडलेली एक प्रूफ पट्टी आजही अस्तित्वात आहे. सुट्टं वॅग्नर कार्ड कोट्यधीशांचा विषय झाला. ही पट्टी मला त्याहून मोलाची वाटते, कारण कार्ड कापलं जायच्या आधीचा क्षण तीत थांबलेला आहे.

ही कार्डं कंपनीच्या बाहेर येतात तरी कशी? चोरीचा माल तर नसतो?

कधीकधी असतोही, म्हणून प्रश्न रास्त आहे. सरळ मार्ग बरेच आहेत. चाचणी करणाऱ्या मित्रांना पत्ते ठेवून घ्यायला सांगितलेलं असतं. चित्रकाराकडे प्रूफ तपासायला जातं आणि तिथेच राहतं. कर्मचारी निवृत्त होताना खण रिकामा करतो. छापखाना रद्दी काढतो. कंपनी स्वतःही विकते: टॉप्सनं १९८९ मध्ये न्यूयॉर्कला आपल्या संग्रहातल्या मूळ चित्रांचा आणि इतर जुन्या साहित्याचा जाहीर लिलाव केला होता, आणि त्यातून आलेल्या वस्तू आजही बाजारात फिरतात.

आडमार्गही आहेत. नष्ट करायला दिलेल्या शीट मागच्या दारानं जातात. म्हणून पहिला प्रश्न ‘हे काय आहे’ हा विचारू नये. ‘हे इमारतीतून कुणी, कधी आणि कोणत्या हक्कानं बाहेर आणलं’ हा विचारावा. विक्रेता या प्रश्नावर चिडला तर तेवढंच उत्तर पुरे.

खरं-खोटं कसं ओळखायचं?

इथे जरा दमानं घेऊ, कारण सगळी मेख इथेच आहे.

नेहमीच्या कार्डाची परीक्षा तुलनेनं सोपी असते. दहापट भिंगाखाली ऑफसेट छपाईचे ठिपके फुलाच्या पाकळ्यांसारखे गुंफलेले दिसतात, काळी अक्षरं ठाशीव आणि अखंड दिसतात. कागदाची जाडी, मधला थर, पाठीवरचा रंग, सगळं दुसऱ्या खात्रीच्या कार्डाशी ताडून बघता येतं. हजारो भावंडं असली की तोतया लवकर उघडा पडतो.

प्रोटोटाइपला भावंडं नसतात. प्लेटेस्ट कार्ड मुळातच ऑफिसातल्या यंत्रावर, हाती लागेल त्या कागदावर काढलेलं. ते वेडंवाकडं कापलेलं असणार, रंग उडालेले असणार, कडा फाटक्या असणार. म्हणजे नकली माल जसा दिसतो, तसाच अस्सल मालही दिसतो. कारखान्याच्या कसोट्या इथे लावून उपयोग नाही.

मग काय उरतं? काळाशी न जुळणाऱ्या गोष्टी. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कागदात चकाकी आणणारी रसायनं मिसळायला लागले. ती अतिनील दिव्याखाली निळसर पांढरी झळकतात. १९१० चं म्हणून सांगितलेलं प्रूफ असं झळकलं तर विषय संपला. मात्र न झळकणं हा अस्सलपणाचा पुरावा नाही, कारण तसा कागद आजही मिळतो. टंक (फाँट) बघा: कॅलिब्री हा टंक लोकांच्या संगणकांवर सर्रास आला तो मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००७ बरोबर, तेव्हा १९९३ च्या पत्त्यावर तो दिसला तर हसून पुढे जा. शाई बघा. लेझर प्रिंटरची पूड अक्षरांभोवती बारीक शिंतोडे सोडते आणि तिला किंचित चमक असते. इंकजेटची शाई कागदाच्या तंतूंत पसरते.

आणि मग ते पिवळे ठिपके. बऱ्याच रंगीत लेझर प्रिंटर आणि कॉपियर यंत्रांकडून प्रत्येक पानावर अतिशय फिके, साधारण दशांश मिलिमीटरचे पिवळे ठिपके जाळीच्या रूपात आपोआप छापले जातात. नोटांची नक्कल पकडायला ही सोय केलेली आहे. काही यंत्रांच्या ठिपक्यांत छपाईची तारीख, वेळ आणि यंत्राचा क्रमांक दडलेला असतो. झेरॉक्सच्या एका मालिकेची सांकेतिक लिपी २००५ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेनं उलगडून जाहीर केली. निळ्या प्रकाशात भिंगातून बघितलं, किंवा मोठ्या रिझोल्यूशनच्या स्कॅनमधला फक्त निळा स्तर वेगळा काढला, की ते ठिपके गडद दिसू लागतात.

२०२५ मध्ये पोकेमॉनच्या प्रोटोटाइपवरून जो गदारोळ झाला, तो काय होता?

याच ठिपक्यांचा. २०२४ मध्ये पोकेमॉनच्या जन्मकाळातली म्हणून प्रोटोटाइप आणि प्लेटेस्ट कार्डं बाजारात मोठ्या संख्येनं यायला लागली. एका नावाजलेल्या ग्रेडिंग कंपनीनं (कार्ड तपासून गुण देणाऱ्या) ती प्रमाणित केलेली होती, बऱ्याच कार्डांवर मूळ खेळाच्या निर्मितीत सहभागी असलेल्या व्यक्तीची सही होती. भाव चढले. २०२५ च्या सुरुवातीला काही चिकित्सक संग्राहकांनी स्कॅन घेऊन ठिपके वाचले, तर काही कार्डांवरची तारीख निघाली २०२४ ची. १९९६ चा म्हणून घेतलेला कागद यंत्रातून बाहेर पडून वर्षही झालं नव्हतं.

त्या लाटेतलं प्रत्येक कार्ड खोटं आहे असा अर्थ यातून निघत नाही. पण शंका ही अशी गोष्ट आहे की ती एका कार्डावर थांबत नाही. ज्यांच्याकडे कदाचित अस्सल कार्डं आहेत, त्यांनाही आता ते सिद्ध करत बसावं लागतं. माझ्या मते सगळ्यात मोठा अन्याय त्यांच्यावर झाला.

निर्मात्याची सही असेल तर खात्री झाली ना?

सहीवरून एवढंच कळतं की त्या माणसानं त्या कागदावर सही केली. कागद कधी छापला हे सही सांगत नाही.

ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद प्लास्टिक डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये आहे, मग शंका कशाला?

ग्रेडिंग कंपनीचं मत हे जाणकाराचं मत आहे, निकालपत्र नव्हे. त्या वॅग्नरचीच गोष्ट घ्या. ज्या टी-२०६ वॅग्नर कार्डाला पीएसए कंपनीनं १० पैकी ८ गुण दिले, जे १९९१ मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकी यांनी भागीदारीत ४ लाख ५१ हजार डॉलरना घेतलं होतं, त्याच्या कडा कापून नीट केल्या होत्या अशी कबुली एका मोठ्या व्यापाऱ्यानं २०१३ मध्ये न्यायालयात दिली. जगातलं सगळ्यात प्रसिद्ध कार्ड, आणि कात्री चालली हे कबूल व्हायला दोन दशकांहून अधिक काळ गेला.

प्रोटोटाइपच्या बाबतीत स्लॅबची अजून एक अडचण. गुण स्थितीला दिले जातात: कोपरे, कडा, पृष्ठभाग. कात्रीनं कापलेल्या चाचणीच्या पत्त्याला कोपऱ्यांचे गुण देणं म्हणजे खर्ड्याला शुद्धलेखनाचे गुण देणं. बऱ्याचदा कंपन्याही फक्त ‘अस्सल’ एवढंच लिहून मोकळ्या होतात, ते मला जास्त प्रामाणिक वाटतं. स्लॅबवरचं लेबल वाचताना त्यांनी ते कशाच्या आधारावर ठरवलं हे विचारा. कंपनीनं कागद तपासला, की विक्रेत्याची हकिगत ऐकून घेतली?

भाव कसा ठरतो?

मागचे व्यवहार नसतात, त्यामुळे तक्ता पाहून भाव सांगणारा माणूस थापा मारतोय असं समजा. लिलावात दोन हट्टी माणसं असली की किंमत आकाशाला भिडते, एकच असला तर कार्ड जमिनीवर.

विषय कोणता, हे मात्र दुर्मिळतेहून जड ठरतं. पोकेमॉनमधल्या चारिझार्डचं किंवा पिकाचूचं साधं प्रूफ एखाद्या अनोळखी पात्राच्या एकमेव कच्च्या नमुन्याला सहज मागे टाकेल. तयार कार्डाची प्रतिष्ठा कच्च्यापेक्षा मोठी असण्याचीही खूप उदाहरणं आहेत: बेसबॉलपटू मिकी मँटलचं १९५२ चं टॉप्स कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकलं गेलं, आणि ते तर विक्रीसाठी छापलेलं साधं कार्ड. लोक आठवणीला पैसे मोजतात. प्रोटोटाइपची आठवण कुणालाच नसते, ती आधी वाचून मिळवावी लागते. म्हणून हा बाजार लहान आहे, आणि माझी इच्छा विचाराल तर तो लहानच राहावा.

मला सुरुवात करायची आहे. कुठून करू?

प्लेटेस्ट कार्डांपासून तर मुळीच नको. छापखान्याच्या प्रूफांपासून करा. एकेका रंगाची प्रूफं, कोऱ्या पाठीची कार्डं, फारशा प्रसिद्ध नसलेल्या खेळाडूंची. ती खऱ्या यंत्रावर छापलेली असतात, त्यामुळे भिंगाला काहीतरी बोलतात, आणि चूक झाली तरी खिसा फाटत नाही. सोबत त्याच मालिकेचं साधं कार्ड घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून तासन्‌तास बघा. नजर तिथेच तयार होते.

कंपन्या आजकाल छपाईच्या धातूच्या प्लेटाही पाकिटात घालतात, दर कार्डाच्या चार. ‘जगात एकच’ असा त्यांचा गाजावाजा असतो. वस्तू खरी, पण पाकिटात घालण्यासाठी जपून ठेवलेली. मला त्यात राम वाटत नाही, अनेकांना वाटतो.

जपायचं कसं?

पीव्हीसीचं पाकीट वापरू नका. लेझरची आणि झेरॉक्सची पूड मऊ पीव्हीसीला चिकटते आणि पुढे कधी बाहेर काढाल तेव्हा अक्षरं पाकिटावर राहतात. पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिएस्टर चालतं. उजेडापासून लांब, फार दमट नाही आणि फार कोरडंही नाही अशा जागी ठेवा. स्टिकर सुटत असेल तर गोंद लावू नका, मागची पेन्सिल खोडू नका, वाकडी कड सरळ कापू नका. त्या पेन्सिलीच्या दोन आकड्यांवरूनच कधीतरी कुणीतरी छापखान्याचा कामाचा क्रमांक ओळखतो.

जुन्या कागदांत असं काही सापडलं, तर आधी काय करावं?

कार्डाला हात लावायच्या आधी त्याच्या आजूबाजूचं सगळं जसंच्या तसं फोटोत घ्या: डबा, पाकीट, वरचा पत्ता, सोबतची पत्रं, बिलं, पगाराची चिठ्ठी, कामावरचं ओळखपत्र. लोक कार्ड उचलतात आणि डबा रद्दीत टाकतात. मालकीची साखळी तिथेच तुटते, आणि ती पुन्हा जोडता येत नाही. ज्यांचं ते होतं ती व्यक्ती हयात असेल तर त्याच आठवड्यात बसून विचारा: कुठे काम करत होतात, हे कुणी दिलं, अजून कुणाकडे होतं. बोलणं रेकॉर्ड करा, तारीख घाला, त्यांची सही कार्डावर न घेता त्या लेखी टिपणावर घ्या. मग दोन्ही बाजूंचा मोठा स्कॅन काढा, निळा स्तर उघडा आणि ठिपके मोजायला बसा.